डायक्लोफिनॅक जेलमध्ये निलगिरीचं तेल? जरा थांबा

गुडघेदुखीवरचा एक सल्ला सध्या घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय: डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाच्या जेलमध्ये तिळाचं किंवा निलगिरीचं तेल मिसळा. तेल थेट हाडापर्यंत जातं, औषध दहापट शिरतं आणि सगळं नैसर्गिक, म्हणून अपाय नाही.

‘तेल हाडापर्यंत जातं.’ नाही जात. त्वचेचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर जेमतेम 10 ते 20 मायक्रोमीटर जाडीचा. पण पेशींच्या विटा आणि मध्ये स्निग्ध पदार्थांचं सिमेंट, अशी ती पक्की भिंत आहे. साधारण 500 डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) मोठे रेणू तिच्यातून सहसा पार होत नाहीत. तिळाच्या तेलातले मुख्य रेणू, म्हणजे ट्रायग्लिसराइड, 880च्या आसपासचे. मालिशने बरं वाटतं, जरूर करा.

‘निलगिरीने औषध दहापट शिरतं.’ यात तथ्य आहे, म्हणूनच हा सल्ला लोकांना पटतो. निलगिरीतलं सिनिओल फक्त 154 डाल्टनचं. ते त्या सिमेंटची घट्ट रचना विस्कटतं. विल्यम्स आणि बॅरी या संशोधकांच्या 1991च्या प्रयोगात 5-फ्लुरोयुरॅसिल या औषधासाठी त्वचेची पारगम्यता सिनिओलमुळे सुमारे 95 पट वाढली. दहापट कसली, 95 पट! पण ती शरीरापासून वेगळी काढलेली, आधी सिनिओल लावून ठेवलेली त्वचा होती आणि औषध पाण्याशी जवळीक असलेलं. डायक्लोफिनॅकचा स्वभाव वेगळा. तो आकडा उचलून गुडघ्याला लावता येत नाही. शिवाय औषध तेलातच छान विरघळलं, तर ते तिथेच रमतं, त्वचेत उतरत नाही. वाढ होईल की घट, हे तळहातावर दोन थेंब मिसळून कळत नाही. आणि आपल्याकडच्या अनेक जेलमध्ये जवसाचं तेल, मेन्थॉल, मिथाइल सॅलिसिलेट आधीच मोजून घातलेलं असतं. ट्यूब उलटी करून वाचा तरी!

‘नैसर्गिक, म्हणून अपाय नाही.’ ऑलिव्ह तेलही नैसर्गिकच. 2013मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याने निरोगी प्रौढांच्याही त्वचेचं संरक्षण कमकुवत केलं. विंटरग्रीन या झुडपाचं तेल म्हणजे जवळजवळ निव्वळ मिथाइल सॅलिसिलेट, ॲस्पिरिनचं भावंड. ते नुसतं त्वचेवर लावूनही वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांचं रक्त जास्त पातळ झाल्याच्या, रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत. त्वचेची भिंत सैल झाली की जेलमधलं मिथाइल सॅलिसिलेटही जास्त शिरणार. घरात कुणी रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, तर जेलची ट्यूब आणि तेलाची बाटली, दोन्ही आधी डॉक्टरांना दाखवा.