पद्मिनीला ‘एच’ पाटी मिळाली असती का?

जर्मनीत एखादी गाडी तीस वर्षांची झाली आणि मूळ रूपात नीट जपलेली असली, की तिच्या नंबराच्या शेवटी ‘एच’ (हिस्टोरिश, म्हणजे ऐतिहासिक) हे अक्षर लावून घेता येतं. १९९७ पासूनची ही सोय. मग इंजिन केवढंही असो, वर्षाचा कर सरसकट १९१ युरो ७३ सेंट. शहरात धुरामुळे जुन्या गाड्यांना जिथे बंदी असते, तिथेही हिला मज्जाव नाही. नियमांच्या लेखी ती वाहनांमधला सांस्कृतिक ठेवा ठरते. मी श्टुटगार्टमध्ये, म्हणजे मर्सिडीजच्या गावात राहतो, त्यामुळे सुरुवातीला वाटायचं, हा मान लांबलचक बॉनेटवाल्या श्रीमंतांच्या गाड्यांनाच असणार. पण आमच्या गल्लीतल्या निवृत्त मास्तरांच्या फोक्सवागन गोल्फलाही एच आहे. बाजारहाट करून खटारा झाली असती अशी ती साधी गाडी. मास्तर तिच्यातूनच बटाटे आणतात.

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर जुन्या गाड्या मोडीत काढायच्या भंगार धोरणाची बातमी आली की मला ही गोल्फ आठवते. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतल्या शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि ती रस्त्यावरून कायमची हटली. निदान एक तरी टॅक्सी जपून ठेवा, अशी विनंती टॅक्सीमेन्स युनियनने सरकारकडे केली होती, तिचं काही झालं नाही. तेव्हापासून ग्रुपवर दोन पक्ष आहेत. दादरचे मामा म्हणतात, धूर ओकणारे डबे होते, गेले ते बरं झालं. मावसभावाचा मुद्दा वेगळा आहे: राजेरजवाड्यांच्या रोल्स-रॉइस जपा, त्या कलाकृती आहेत. टॅक्सीत कसली आलीय कला?

मामांशी मी भांडत नाही. डिझेलवरच्या पद्मिनीमागे सिग्नलला उभ्या राहिलेल्या कुणीही भांडू नये. माझा वाद मावसभावाशी आहे.

गाडीला कला म्हणायचं की नाही, हा प्रश्न काही आजचा नाही. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९५१ मध्येच आठ गाड्यांचं प्रदर्शन भरवलं होतं आणि त्यांच्याकडे आतून पोकळ, फिरती शिल्पं म्हणून पाहिलं होतं. पुढे १९७२ मध्ये पिनिनफरिना या इटालियन कंपनीने घडवलेली सिसितालिया २०२ ही गाडी तिथल्या कायमच्या संग्रहात गेली. २०१९ मध्ये बोलोन्याच्या न्यायालयाने फेरारी २५० जीटीओ ही कलाकृती असल्याचं मान्य केलं आणि तिच्या नकला काढायला अटकाव केला. इथवर मावसभाऊ खूश. पण त्याच न्यूयॉर्कच्या संग्रहाने २०१७ मध्ये फियाट ५०० घेतली. सामान्य इटालियन कुटुंबाला परवडावी म्हणून दान्ते जियाकोसाने काढलेली ती इवलीशी, स्वस्त गाडी. १९५३ ची फियाट ११०० सुद्धा याच जियाकोसाच्या हाताखाली तयार झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली आपली पद्मिनी तिच्याच वंशातली. घराणंच बघायचं तर तेही इथे कमी नाही.

किंमत हा तर निकषच नव्हे. २०२२ च्या मे महिन्यात इथल्याच मर्सिडीज संग्रहालयात १९५५ ची एक ३०० एसएलआर कूपे साडेतेरा कोटी युरोंना लिलावात गेली. तशा दोनच बनल्या होत्या. ती देखणी आहेच, पण तिच्यात बसून कुणी केईएमला गेलेलं नाही, की पोटाशी हार धरून लग्नाच्या हॉलवर.

पद्मिनीचं रूप जरा आठवून पाहा. मागच्या बाजूला उगवू पाहणारे छोटे पंख, दाराच्या काचेला जोडलेली तिकोनी काच, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर. हे झालं इटलीचं. मग मुंबईने तिच्यावर हात फिरवला: काळं अंग, पिवळं टप, डाव्या अंगाला बाहेर डोकं काढून बसलेला मीटर. सीएनजीची टाकी डिकीत शिरली तशा बॅगा टपावरच्या कॅरिअरवर चढल्या. आत छताला फुलाफुलांचं कापड, आरशाखाली मण्यांची माळ किंवा तसबीर. दोन टॅक्स्या आतून कधी सारख्या नसायच्या. कारखान्यातून निघाल्यावरही वीस वर्षं घडत राहिलेली वस्तू होती ती.

आणि नेमकं म्हणूनच तिला एच मिळालं नसतं. इथला परीक्षक गाडी मूळ रूपात आहे का, केलेले बदल त्या काळातले आहेत का, पत्रा सडलेला नाही ना, हे बघतो. लांबी (पुट्टी) भरून जाड झालेली दारं आणि भलत्याच गाडीचे आरसे पाहून त्याने कागद परत केले असते. जर्मन नियम जशाचा तसा उचला, असं म्हणूनच मी म्हणणार नाही. शिवाय त्यात लबाडीही आहे. मोठ्या इंजिनाच्या जुन्या गाडीवाल्याचा यात चांगला कर वाचतो, आणि धूर सांस्कृतिक ठरला म्हणून फुप्फुसांना कमी लागत नाही.

पण त्यांनी वयाचं गणित बरोबर घातलंय. इथे गाडी दर दोन वर्षांनी तपासणीत पास झाली की म्हातारी व्हायला मोकळी. आपल्याकडे २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आले, चांगली गोष्ट झाली. पण अट पन्नास वर्षांची, चारचाकीच्या नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, आणि गाडी बाहेर काढायची ती रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती अशा कामांपुरतीच. मुंबईची टॅक्सी विसाव्या वर्षी मोडीत निघते. तिने पन्नाशी गाठायची कशी? मधली तीस वर्षं ज्याच्याकडे गॅरेज, मेकॅनिक आणि पैसा आहे त्याचीच गाडी टिकते, म्हणजे पुन्हा रोल्स-रॉइसच. मावसभावाला जी अभिरुची वाटते, ती निम्मी पार्किंगची सोय आहे.

पन्नासची अट तीसवर आणा, हे माझं पहिलं मागणं. दुसरं त्याहून स्वस्त आहे. बेस्टने आणिक आगारात ट्रामा-बसच्या आठवणींचं संग्रहालय केलं, तसंच टॅक्सीलाही एका गाडीपुरती जागा द्या. मात्र रंगरंगोटी करून शोरूममधली नवरी बनवू नका. मीटर, कॅरिअर, टाकी, माळ, सगळं आहे तसं राहू दे. मामांनाही हे मान्य आहे, फक्त इंजिन बंद ठेवायचं या अटीवर. मावसभावाने अजून उत्तर दिलेलं नाही.