‘स्टोअरवर आहे म्हणजे सुरक्षित’ हे खरं नाही

परीक्षा जवळ आली की कोल्हापुरातल्या कॉलेजांच्या आणि अभ्यासिकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. अमुक एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचं छोटं साधन) टाका, तमुक वेब ॲप वापरा. क्रोमच्या स्टोअरवर आहे म्हणजे सुरक्षित, आवडलं नाही तर काढून टाका, विद्यार्थ्याकडे चोरण्यासारखं असतं तरी काय, आणि भीती वाटलीच तर इनकॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची खासगी खिडकी, आहेच की! नवी साधनं वापरून बघायलाच हवीत. झोटेरोसारखं संदर्भ गोळा करणारं मुक्त साधन तर एम.ए., एम.एस्सी.च्या मुलांनी पहिल्याच सत्रात शिकावं. पण या मेसेजमधलं एकही कारण टिकत नाही.

‘स्टोअरवर आहे म्हणजे तपासलेलं आहे.’ तपासणी होते, पण एक्स्टेंशन नंतर आपोआप अपडेट होत राहतं आणि त्याचा मालकही बदलू शकतो. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे वापरात नसलेले टॅब थांबवून मेमरी वाचवायचं. २० लाखांहून जास्त लोकांकडे ते होतं. २०२० मध्ये मूळ लेखकाने ते विकलं, पुढे त्यात संशयास्पद कोड आला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते मालवेअर ठरवून बंद केलं. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या डेटा-सुरक्षेतल्याच कंपनीचा एक कर्मचारी बनावट ईमेलला फसला. नाताळात त्यांच्या एक्स्टेंशनची घातक आवृत्ती अधिकृत स्टोअरमधूनच लोकांच्या ब्राउझरमध्ये पोचली. अपडेटला जास्तीची परवानगी लागली तरच क्रोम पुन्हा विचारतो. ‘सर्व वेबसाइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे’ याला तुम्ही आधीच हो म्हटलेलं असेल, तर तो विचारणार काय?

‘नको वाटलं तर काढून टाका.’ त्याने पुढचं थांबतं, गेलेली माहिती परत येत नाही. वेब ॲपला गूगल खात्यातून ड्राइव्हची परवानगी दिली असेल, तर ती खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन वेगळी रद्द करावी लागते.

‘विद्यार्थ्याकडे चोरण्यासारखं काय असतं?’ या वाक्याचा मला खरोखर राग येतो. महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज आठवा: उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका, आधारशी जोडलेलं बँक खातं. चंदगड-गडहिंग्लजहून येऊन इथे खोली घेऊन राहणाऱ्या कितीतरी मुलींचं वर्ष त्या पैशांवर निभतं. फाइल मोठी आहे म्हणून अर्ज अडला, की फाइल लहान करून देणारी, सर्चमध्ये पहिली दिसेल ती साइट उघडून वडिलांचा उत्पन्नाचा दाखला तिथे चढवला जातो. तो त्या साइटच्या सर्व्हरवर किती दिवस राहणार, कोण बघणार, हे कोणी विचारत नाही. हेच काम लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये इंटरनेटशिवाय होतं. पीडीएफ एक्स्पोर्ट करताना चित्रांची गुणवत्ता आणि रिझोल्यूशन कमी करायचं, एवढंच.

राहिला इनकॉग्निटोचा मुद्दा. तिथे एक्स्टेंशन मुळात बंद असतात हे खरं, पण एकदा तुम्हीच परवानगी दिलीत की तीही आडकाठी गेली.

प्रयोग करायचे तर क्रोममध्ये त्यासाठी वेगळी प्रोफाइल काढा. एक्स्टेंशनच्या तपशिलात जाऊन साइटचा ॲक्सेस ‘क्लिक केल्यावर’ असा ठेवा. अर्ज, बँक आणि मुख्य ईमेल ज्या प्रोफाइलमध्ये उघडता तिथे एकही नवं एक्स्टेंशन टाकू नका. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा सायबर कॅफेत बसला असाल तर गेस्ट मोड उघडा. त्यात आधीच्या माणसाने टाकलेली एक्स्टेंशन चालत नाहीत.