नोकरी सांभाळून एम.पी.एड. आणि लघुप्रबंधाचा विषय: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, एम.पी.एड. (शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी) करणाऱ्या शिक्षकांबद्दल तुमचं म्हणणं थोडक्यात असं: शारीरिक शिक्षणाच्या आठवड्याला दोन तासिका, त्यातली एक गणिताला जाते, वर सण आणि तालुका स्पर्धा. अशात बारा आठवड्यांचा प्रयोग होत नाही, म्हणून नोकरीतल्या शिक्षकांच्या लघुप्रबंधातले आकडे बसवलेले असतात. शिवाय आपल्याच मुलांवर केलेलं ते संशोधनच नव्हे.

प्रयोगाबद्दल माझा तुमच्याशी वाद नाही. नववी अ ला व्यायाम दिला, ब ला दिला नाही, तर शेवटी दिसलेला फरक व्यायामाचा की तुकडीचा, हे सांगता येत नाही. नियंत्रित गट (व्यायाम न दिलेला, तुलनेसाठीचा) तर हवाच, कारण या वयात मुलं तीन महिन्यांत आपोआपही सुधारतात. मध्यम परिणाम (०.५, म्हणजे गटांतला फरक अर्ध्या प्रमाण विचलनाइतका) ०.०५ पातळीवर (नसलेला फरक दिसण्याचा धोका ५ टक्के) ८० टक्के शक्तीने (खरा फरक सापडण्याची शक्यता) पकडायला प्रत्येक गटात ६४ मुलं लागतात. पूर्वचाचणी धरून सहप्रसरण विश्लेषण (सुरुवातीचा फरक हिशोबात घेऊन केलेली तुलना) केलं आणि पूर्व-उत्तर चाचण्यांचा सहसंबंध ०.७ असला, तर ३३-३४ वर भागतं. तुकडीचा प्रश्न तरीही सुटत नाही.

पण यातून विषय चुकला एवढंच सिद्ध होतं. शिक्षकाच्या हातात तासिका आहे, तीच अभ्यासा: ३५ मिनिटांत मुलं प्रत्यक्ष हलतात किती? यासाठी मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडलेली 'सोफिट' ही निरीक्षणपद्धत आहे. १० सेकंद पाहायचं, १० सेकंदांत नोंदवायचं. एका मुलाच्या अशा १२ नोंदी, म्हणजे ४ मिनिटं, मग पुढचं मूल. संकेत पाच: आडवं, बसलेलं, उभं, चालणारं आणि त्याहून जोरात हालचाल करणारं. शेवटच्या दोहोंची बेरीज ही मध्यम ते तीव्र हालचाल. त्या क्षणी तासाला काय चाललंय तेही सोबत टिपतात. त्यामुळे वेळ हजेरीत गेला, की चार चेंडूंसमोरच्या रांगेत, हे उघड दिसतं.

हे बिघडतं कुठे? शिकवणाऱ्यानेच नोंदी घेतल्या तर त्या निकामी. एखादा सहकारी घ्या, दोघांनी आधी चित्रफितीवर सराव करा. दोघांच्या नोंदींची जुळणी ८० टक्क्यांखाली असेल तर मैदानावर उतरूच नका. कानात १० सेकंदांचा ठोका हवा, नाहीतर निरीक्षक मूल हलण्याची वाट पाहतो आणि आकडा फुगतो. मुलं चिठ्ठ्या टाकून आधीच निवडा, कारण नजर चपळ मुलांकडेच जाते. निरीक्षक आला की तास सुधारतो. पहिल्या दोन तासिका गणतीत धरू नका. चित्रीकरण करणार असाल तर पालकांची लेखी संमती घ्या.

बुडालेली तासिका प्रयोग मोडते. इथे फक्त नोंदींची संख्या घटते. उलट किती तासिका बुडाल्या आणि कोणत्या विषयाला गेल्या, हाच प्रबंधातला सर्वांत महत्त्वाचा तक्ता ठरू शकतो. आपल्या मुलांचं म्हणाल, तर नोंदींचा गुणांशी संबंध ठेवू नका आणि निष्कर्ष त्या शाळेपुरताच मांडा. एका शाळेचं प्रामाणिक मोजमाप हेही संशोधनच.

पत्राद्वारे एम.पी.एड. होईल का, असंही तुम्ही विचारलंत. एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या नियमावलीत दूरस्थ पद्धतीचे निकष डी.एल.एड. आणि बी.एड.साठी आहेत, एम.पी.एड.साठी नाहीत, तो दोन वर्षांचा, प्रत्यक्ष हजेरीचा अभ्यासक्रम आहे. म्हणून प्रवेशाची फी भरण्याआधी रजेचा प्रश्न संस्थेकडून लेखी सोडवून घ्या.