हिरडी चोळून वर येत नाही

सोलापुरातल्या घरगुती ग्रुपांवर फिरणारा संदेश असा : ‘हिरड्या सरकल्या? मीठ, हळद आणि मोहरीचं तेल कडक ब्रशने रोज दहा मिनिटं चोळा, 21 दिवसांत हिरडी पूर्ववत. रक्त येत असेल तर ब्रश बंद करून मिश्री लावा. दवाखान्यात किटण काढू नका, दात हलतात.’

‘हिरडी पूर्ववत’ : मुळावरून मागे गेलेली हिरडी आपोआप परत वाढत नाही. सूज उतरली की ती घट्ट, गुलाबी दिसते आणि कधी आणखीच खाली गेल्यासारखी वाटते. मूळ झाकायचंच असेल तर बहुधा टाळूतून ऊतीचा तुकडा काढून तिथे शिवतात. प्रत्येकाला ते लागतं असं नाही.

‘कडक ब्रश, दहा मिनिटं’ : संदेशातलं सगळ्यात घातक वाक्य हेच. उघड्या मुळावर दाताचं कठीण कवच नसतं. तिथे मिठाचे खडे आणि ताठ केस आडवे फिरवले की हिरडी सोलते, दाताच्या मानेशी खाच पडते आणि गार पाण्याने कळ येते. मऊ केसांचा ब्रश घ्या, पेनासारखा हलका धरा. केस हिरडी आणि दाताच्या सीमेवर 45 अंशांत टेकवा, दोन-दोन दातांवर जागच्या जागी थरथरवा, मग दाताच्या टोकाकडे झाडून काढा. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं पुरतात. तीन महिन्यांच्या आत केस फिसकटले, तर जोर जास्त लागतोय. हळदीने सूज थोडी उतरेलही, पण दगड झालेलं किटण तिने सुटत नाही.

‘रक्त येतं, ब्रश बंद’ : रक्त बहुतेक वेळा साचलेल्या थरामुळे येतं. हलक्या हाताने ब्रश चालू ठेवला तर साध्या सुजेत आठ-पंधरा दिवसांत ते कमी होतं. ब्रश थांबवला की थर वाढतो. आणि मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, रक्त थांबतं, बाई म्हणते बरं वाटलं, पण आत हाड झिजतच राहतं. मिश्री दाबतात तिथली हिरडीही सरकते.

‘किटण काढल्याने दात हलतात’ : दात हलतो तो भोवतीचं हाड गेल्यामुळे. किटणाचा थर शेजारच्या दातांना चिकटून टेकू देत असतो. तो निघाला की आधीचं हलणं उघडं पडतं. काही दिवस फटी आणि ठणकाही जाणवतो.

शेंगाचटणीचा कूट फटीत अडकतो हे खरं, पण त्यासाठी सेफ्टी पिन नको. फटीच्या मापाचा दातांमधला बारीक ब्रश वापरा. घट्ट फटीत फ्लॉस, म्हणजे दातांमधून फिरवायचा बारीक धागा.

दंतवैद्य हिरडी आणि दातामधल्या फटीची खोली मोजतात, ती 3 मिलीमीटरपर्यंत ठीक. 4 किंवा जास्त भरली आणि रक्त येत असेल, तर मुळापर्यंतची सफाई लागते. मधुमेह असेल तर साखरही तपासून घ्या.