अर्धशिशी रक्ताच्या अहवालात सापडत नाही

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरतो आहे. मुलाची अर्धशिशी आता रक्ताच्या एका तपासणीत कळते. ड जीवनसत्त्व किंवा मॅग्नेशियम कमी आणि होमोसिस्टीन (रक्तातले एक अमिनो आम्ल) जास्त आले की निदान झाले, आणि गोळ्यांनी आकडे सुधारले की दुखणे कायमचे जाते, असे त्यात म्हटले आहे.

यातले पहिले विधान सरळ चुकीचे आहे. अर्धशिशी ओळखतात ती लक्षणांवरून: किमान ५ झटके, मुलांमध्ये २ ते ७२ तास टिकणारे, आणि सोबत मळमळ-उलटी किंवा उजेड व आवाज दोन्ही असह्य होणे. नावात ‘अर्ध’ असले तरी लहान मुलांचे कपाळ बहुधा दोन्ही बाजूंनी ठणकते. आमच्या वाडीतली पाचवीतली मुलगी अशा दिवशी दप्तर पडवीत टाकून थेट माजघरात जाते, दार लोटून घेते, पंख्याची घरघरसुद्धा तिला नको असते. एकदा उलटी होऊन झोप लागली की तिन्हीसांजेला उठून पेज मागते. डॉक्टरांना ही हकिगत हवी असते, आणि ती नळीभर रक्तात नसते.

अर्धशिशी असलेल्या मुलांच्या काही गटांत ड जीवनसत्त्व किंवा मॅग्नेशियम सरासरीने कमी आढळले, हे खरे आहे. परंतु ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्या देशात डोके कधीच न दुखणाऱ्या मुलांतही सर्रास सापडते. शरीरातल्या मॅग्नेशियमचा तर १ टक्क्याहूनही कमी भाग रक्तद्रवात असतो, त्यामुळे तो आकडा पेशींमधल्या साठ्याविषयी फारसे सांगत नाही. होमोसिस्टीनचेही तेच: संबंध दिसला म्हणून कारण ठरत नाही.

‘पण आमच्या मुलाला गोळ्यांनी गुण आला,’ हा अनुभव खोटा नसतो, पुरावा म्हणून मात्र तो तोकडा पडतो. ८ ते १७ वर्षांच्या मुलांवरील, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत अर्धशिशीचे झटके टाळण्यासाठी दिली जाणारी दोन औषधे तपासली: अ‍ॅमिट्रिप्टिलीन घेणाऱ्या ५२ टक्के, टोपिरामेट घेणाऱ्या ५५ टक्के आणि औषधच नसलेली गोळी घेणाऱ्या ६१ टक्के मुलांचे डोकेदुखीचे दिवस निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटले. म्हणजे गोळीत औषध नसतानाही गुण येऊ शकतो.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी मनानेच रोज दिली, तर रक्तातले कॅल्शियम वाढून उलट्या आणि डोकेदुखी होऊ शकते. म्हणजे ज्यासाठी पुडी दिली तेच वाढलेले दिसेल. आणि पहाटे डोकेदुखीने जाग येणे, सकाळी उलट्या होणे, एकाचे दोन दिसणे किंवा चालताना तोल जाणे यांपैकी काही असेल, तर अहवालाची वाट न पाहता मुलाला त्याच दिवशी तालुक्याच्या डॉक्टरांकडे न्यावे.