35 हर्ट्झ, पण किती डीबी खाली?

काल संध्याकाळी माझ्या बेस गिटारसाठी नवा कॅब, म्हणजे स्पीकरचा डबा, आला. बारा इंची एकच स्पीकर, निओडिमियमच्या हलक्या चुंबकाचा, एका हाताने उचलला जातो, 500 वॉटचा, आणि कागदावर लिहिलंय 35 हर्ट्झ ते 18 किलोहर्ट्झ. बस, एवढंच. पुढे अधिक-उणे किती डीबी, म्हणजे त्या 35 ला आवाज किती डेसिबल खाली पडलेला असतो, ते नाही, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एका वॉटला किती आवाज, ती नाही, काही नाही. तीन आठवडे झोपेचं खोबरं करून मी पन्नास कॅबचे कागद चाळले होते, शेवटी पाठीने हात टेकले म्हणून हलका घेतला, आणि घेताना त्या 35 वर विश्वास ठेवला. पाच तारांच्या बेसची सगळ्यात खालची तार लो बी 31 हर्ट्झला असते, तिच्या वरची ई 41 ला, म्हणजे ई तरी भरून येईल, एवढीच अपेक्षा होती माझी.

घरी हळू आवाजात वाजवला तेव्हा छान वाटला. हळू आवाजात सगळेच छान वाटतात, तिथे काही कळतच नाही. आज सकाळी रिहर्सलला नेला, ईक्यू सगळा मधोमध, ड्रमर सुरू झाला आणि माझी ई गायब! म्हणजे बोटांची टकटक येतेय, वरची गुरगुर येतेय, पण खालचा भरणा, ज्याच्यासाठी माणूस बेस वाजवतो, तो नाहीच. व्हॉल्यूम वाढवला तर कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, थडथडायला लागला, पोर्टमधून, म्हणजे डब्याच्या भोकातून, फस्स फस्स हवा. हेडचा, म्हणजे अँप्लिफायरचा, मास्टर अर्ध्यावरसुद्धा नव्हता. गाणं थांबवून सगळे माझ्याकडे बघतायत आणि मी नॉबशी झटतोय.

घरी आल्यावर जाळी काढली, फोनवर टोन जनरेटर लावला आणि 100 पासून हळूहळू खाली येत गेलो. 80 ला कोन व्यवस्थित हलतोय. 60 ला हलणं कमी. 52 च्या आसपास कोन जवळजवळ स्थिर झाला आणि पोर्टसमोर धरलेल्या तळहातावर हवेचा जोरदार झोत, म्हणजे डबा ट्यून केलाय 52 ला. आणखी खाली 45, 41... कोन वेड्यासारखा आतबाहेर, आणि आवाज मात्र विरत चाललेला. ट्यूनिंगच्या खाली पोर्टवाला डबा कोनला धरून ठेवत नाही आणि आवाज सप्तकाला 24 डीबीने घसरतो, हे ज्याने हा डबा बनवला त्याला माहीत नसेल असं मी मानतच नाही. डबा 52 ला ट्यून करायचा आणि कागदावर 35 छापायचं, ही चूक नाही, ही सरळसरळ फसवणूक आहे.

विकणाऱ्याला फोन केला. विचारलं, 35 हर्ट्झ किती डीबी खाली? म्हणे, "सर, 35 लिहिलंय ना तिथे." अहो लिहिलंय ते मला दिसतंय, उणे 3 ला की उणे 10 ला की उणे 20 ला? कारण उणे 20 ला तर खिशातला रेडिओसुद्धा कुठल्या कुठे खाली जाईल. गप्प. मग म्हणे, "तुमचं हेड कमी पडत असेल, मोठं हेड लावा." जो कोन आत्ताच अंतर संपून थडथडतोय त्याला आणखी वॉट देऊ? त्या 500 वॉटचा अर्थ एवढाच की कोन हलवणारी तारेची कॉइल जळणार नाही. कोन किती लांब जाऊ शकतो त्याच्याशी त्या आकड्याचा काही संबंध नाही. तेवढ्याच आवाजासाठी एक सप्तक खाली गेलात की कोनला चौपट अंतर कापावं लागतं. कॉइल थंडगार असताना कोन संपलेला असतो, मग ते 500 काय चाटायचेत?

आणि हे वॉटचं खूळ काढलं कुणी? कॅबला वॉट विचारायचे नसतातच, सेन्सिटिव्हिटी विचारायची असते. एक कॅब 1 वॉटला 1 मीटरवर 94 डीबी देतो, दुसरा 100 देतो, तर पहिल्याला दुसऱ्याइतकं वाजायला चौपट पॉवर लागते. चौपट! 200 च्या जागी 800. आणि हा आकडा छापायला लाज वाटते यांना. छापलाच तर तो कुठल्या फ्रीक्वेन्सीला मोजला ते नाही, म्हणजे 2 किलोहर्ट्झच्या उंचवट्यावर मोजून 103 लिहून मोकळे. मी 2 किलोहर्ट्झला बेस वाजवत नाही हो.

यात मला सगळ्यात जास्त कशाची चीड येते सांगू? खोटं बोलायची गरजच नाही. अँपेग कंपनीचा 8x10, म्हणजे दहा इंची आठ स्पीकरचा डबा घ्या, त्यांचं एसव्हीटी हेड 1969 ला आलं तेव्हापासून ज्या ढाच्याच्या डब्याला जग डोक्यावर घेऊन नाचतंय तो. त्याच्या 810ई मॉडेलच्या कागदावर उघड लिहिलेलं असतं: उणे 3 डीबीला 58 हर्ट्झ, उणे 10 ला 40. अठ्ठावन्न! कुणी म्हटलं का त्याला लो एंड नाही? बेसच्या ई मध्ये 41 पेक्षा त्याच्या दुपटीचा, 82 चा भाग बहुतेक वेळा जोरात असतो, उरलेलं कान भरून काढतो, म्हणून तो डबा ऐकताना पोटात लागतं. खरं लिहूनही त्याचं काही बिघडलं नाही. मग या एक बारावाल्यांना 35 छापायची खाज का? 55 लिहा ना, मी त्याप्रमाणे ठरवीन, दोन घेईन, मोठा घेईन, निदान रिहर्सलला तोंडावर पडणार नाही.

लहान डबा, खोल बेस आणि भरपूर आवाज, तीनपैकी दोनच मिळतात. केएलएच या स्पीकर कंपनीच्या नावातला एच म्हणजे हॉफमन, त्याच्या नावाने हा नियम ओळखला जातो, आणि केएलएच 1957 ची कंपनी. थील नावाच्या इंजिनिअरने पोर्टवाल्या डब्यांवरचा पेपर 1961 ला ऑस्ट्रेलियात छापला, पुढे 70 च्या दशकात स्मॉलने ते काम पूर्णत्वाला नेलं. म्हणजे कुठला स्पीकर किती लिटरच्या डब्यात कुठपर्यंत जाईल हे कागदावर आधीच काढता येतं, कित्येक दशकं काढता येतंय. आणि आम्ही अजून अंदाजपंचे दाहोदरसे कॅब विकत घेतोय, कारण आकडा ज्यांच्याकडे आहे ते तो देत नाहीत.

त्यात सल्ले देणारे. आमचा गिटारिस्ट आज लगेच, "पंधराचा घ्यायचा होतास, पंधरा खाली जातो, दहा फास्ट असतात." अरे पंधराच्या एका कोनचं क्षेत्रफळ ढोबळमानाने 850 चौरस सेंटिमीटर, दहाचा एक 350, चार दहा म्हणजे 1400. चार दहा मिळून त्या पंधरापेक्षा कितीतरी जास्त हवा ढकलतात. डबा आणि ट्यूनिंग न बघता नुसते इंच बघून बेस ठरवायचा म्हणजे चपलेच्या नंबरावरून माणसाचा आवाज ओळखायचा. आणि फास्ट म्हणजे काय? 41 हर्ट्झ म्हणजे सेकंदाला 41 वेळा, तो दहाचा असो नाहीतर पंधराचा.

दुसरा एक जण मागे मला शपथेवर सांगत होता की ई ची लाट आठ मीटर लांब असते म्हणून ती आठ मीटर गेल्याशिवाय तयारच होत नाही, लांब उभा राहा. मग हेडफोनमध्ये बेस कसा ऐकू येतो रे बाबा? तिथे कुठे आठ मीटर आहेत? जागा बदलली की आवाज बदलतो तो खोलीमुळे, भिंतींवरून परत येणाऱ्या लाटांमुळे. पण समजावून सांगायला जावं तर "तू फार विचार करतोस."

ओहमचं तर काढूच नका. काढतोच. गेल्या वर्षी असाच एका विकणाऱ्याने माझ्या 8 ओहमच्या कॅबच्या जोडीला 4 ओहमचा कॅब दिला, "आवाज वाढेल सर, बिनधास्त लावा." 8 आणि 4 पॅरलल म्हणजे 2.67, आणि माझ्या हेडच्या पाठीवर ठळक अक्षरात कमीत कमी 4 लिहिलेलं. मी वाचलं नाही ही माझी चूक, पण विकणाऱ्याचं कामच ते ना? कार्यक्रमात तिसऱ्या गाण्याला हेड प्रोटेक्टमध्ये गेलं, म्हणजे जळू नये म्हणून आपणच बंद पडलं. लाल दिवा आणि समोर माणसं. शिवाय अशा जोडीत दोन तृतीयांश पॉवर 4 वालाच ओढून घेतो, दुसरा नुसता शेजारी उभा. दोन सारखे 8 चे लावले असते तर सरळ 4 झाले असते आणि खालच्या सुरांत जवळजवळ 6 डीबी जास्त मिळाले असते. हे सांगायला त्याला एक मिनिट लागलं असतं.

डेमो व्हिडिओ बघा म्हणतात. काय बघू? कॅब समोर ठेवलेला असतो आणि आवाज डीआयमधून, म्हणजे कॅबला वगळून केबलने, थेट घेतलेला, किंवा कोनला माइक चिकटवून वर दहा प्लगइन. तो मी ऐकणार फोनवर. त्यात कॅब आहे कुठे?

आत्ता हे लिहिता लिहिता त्या नव्या कॅबच्या विकणाऱ्याचा मेसेज आला. "सर स्पीकर नवीन आहे, महिनाभर वाजवा, ब्रेक-इन झाला की बेस खुलेल." मी टोन जनरेटरचा व्हिडिओ पाठवला होता. 52 ला थांबलेला कोन अगदी स्पष्ट दिसतोय त्यात. नवा स्पीकर वाजून थोडा सैल पडतो हे मलाही मान्य आहे, पण पोर्टचं भोक आणि डब्याचे लिटर महिनाभराने बदलणार आहेत का? मी फक्त एवढंच परत विचारलंय, किती डीबी खाली? मेसेज वाचल्याची खूण आलीय, उत्तर नाही. जाळी परत स्क्रूने बसवली, कॅब खोक्यात भरला, चिकटपट्टी मारून दाराशी ठेवलाय. शनिवारच्या कार्यक्रमाला जुना 4x10 नेतोय, दोघांनी मिळून जिन्यावरून उतरवायचा, पण त्याच्या ई वर मी डोळे मिटून बोट ठेवू शकतो.