कपाळावरचं 'व्होट'

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर शेतकरी मोर्चाचा एक जुना फोटो आला. खाली मावसभावाने लिहिलं, "भाड्याची माणसं. कॅमेरा दिसला की रडवेले चेहरे करतात." रात्रभर झोप लागली नाही.

मी अटलांटात राहतो. थँक्सगिव्हिंगला पाहुणे आले की त्यांना शेजारच्या अलाबामा राज्यात, आय-८५ हायवेने माँटगोमेरीला आणि तिथून हायवे ८०ने सेल्माला नेतो. १९६५च्या मार्चमध्ये काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठी लोक याच रस्त्याने, सेल्माहून माँटगोमेरीला, ५४ मैल चालले. वाटेतल्या लाउन्ड्स काउंटीत बहुसंख्य वस्ती काळ्यांची. पण वर्षाच्या सुरुवातीला मतदारयादीत त्यांच्यातलं एकही नाव नव्हतं. रस्ता अरुंद होऊन दोनपदरी झाला तिथे कोर्टाने फक्त ३०० जणांना चालू दिलं. मिशिगनहून आलेला, एकच पाय असलेला एक गोरा माणूस कुबड्यांवर सगळं अंतर चालला. यांनाही तेव्हा 'बाहेरून आलेले चिथावणीखोर' म्हणत होतेच.

छायाचित्रकार ब्रूस डेव्हिडसनने त्या मोर्चातल्या एका तरुणाचा फोटो काढला. कपाळावर 'व्होट' लिहिलेलं. आधी अक्षरं दिसतात, मग पोराचं कोवळं वय दिसतं, आणि मग नजर हलत नाही. भावाने या चेहऱ्याकडे बघून 'भाड्याचा' म्हणून दाखवावं.

आपल्याकडे २०१८च्या शेतकऱ्यांच्या नाशिक-मुंबई लाँग मार्चमधून घराघरात पोचले ते पाय. सोललेले, फोड आलेले. ते बघून मीही रडलो. पण पायाला नाव-गाव कोण विचारतं? इथे पन्नास वर्षांनीसुद्धा फोटोतली माणसं शोधून काढतात, त्यांना बोलतं करतात. आपण हळहळलो आणि मोकळे झालो. म्हणून तर आज कुणीही उठून त्यांना भाड्याचे म्हणू शकतो.

भाऊ म्हणणार, तिकडे बसून शिकवू नकोस. ते मला लागतं, कारण त्यात तथ्य आहे. सेल्मानंतर ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला आणि ऑक्टोबरमध्ये इमिग्रेशनचा. त्याआधी भारताचा कोटा वर्षाला जेमतेम १०० जणांचा. नागरी हक्कांच्या चळवळीने देशाची हवा बदलली म्हणून ते दार उघडलं, असं मी मानतो. म्हणजे माझं इथलं घर त्या चालणाऱ्यांच्या पुण्याईवर उभं आहे. आणि मी स्वतः एकाही मोर्चात चाललेलो नाही, ना इथे, ना तिथे.

लाँग मार्च आला तेव्हा आई मुलुंडला हायवेच्या कडेला पाणी द्यायला उभी होती. मी फोनवर विचारलं, "पाय फार सोलले होते का गं?"

"पाय नाही रे बघितले," ती म्हणाली. "एक बाई होती, सुरगाण्याकडची, माझ्याच वयाची. लाल टोपी उन्हाने पार विटलेली. पेला परत देताना मला विचारलं तिने, 'तुमची मुलं कुठं असतात?'"